मदत हवी आहे : आई-बाबांना घेऊन एमेई पर्वत (सिचुआन, चीन)

नमस्कार मंडळी. ऑफिसच्या कामासाठी मार्चपासून चेंगदूत आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आई-बाबा सांगलीहून येतायत, त्यांना एमेईला न्यायचा बेत आहे. रेल्वेने पायथ्याच्या गावी पोचायला फार तर दीड तास लागतो. घोडं अडलंय ते पुढे.

बाबा ६९ वर्षांचे. सात वाऱ्या पायी केलेत, त्यामुळे "पायऱ्याच ना? चढू की!" हे पालुपद रोज फोनवर चालू असतं. त्यांना पायथ्याच्या बाओग्वो मंदिरापासून तीन हजार मीटरवरच्या सुवर्णशिखरापर्यंत चालतच जायचंय. आईचे गुडघे दुखतात, आणि चातुर्मासात ती कांदा-लसूण खात नाही. म्हणजे एकाला डोंगर पुरत नाही आणि दुसरीला जिना नको.

मी एका रविवारी एकटीच जाऊन बाओग्वो बघून आले. या मंदिराचं जुनं नाव 'हुईझोंग', म्हणजे पंथांचा मेळ. बौद्धांचा बोधिसत्त्व समंतभद्र, ताओ या चिनी पंथाचा सिद्ध ग्वांगचंगझ आणि कन्फ्यूशियसवाल्यांचा एक ऋषी, असे तिघे तिथे एकत्र पुजले जायचे. आता सगळा कारभार बौद्धांचा. अंगणात एक आजी तीन उदबत्त्या कपाळाला टेकवून एका दिशेला वाकायच्या, वळायच्या, पुन्हा वाकायच्या. चारही दिशा झाल्यावर उदबत्त्या राखेत खोचून तिथेच पिशवीतलं संत्रं सोलायला बसल्या. आईला हे सगळं आवडेल याची खात्री आहे.

तर सांगा : वर मुक्काम करावा की एका दिवसात परतावं? बाबांना थोडं तरी चालू द्यावं असा कुठला टप्पा आहे? आईच्या जेवणाचं काय? आणि ताओ मंदिरं नक्की कुठे आहेत? मला तर एकही ताओ पुजारी दिसला नाही.

प्रतिसाद १

आधी तारीख बदला. १ ऑक्टोबरपासून त्यांची राष्ट्रीय दिनाची सुट्टी, अख्खा चीन घराबाहेर पडतो. रोपवेच्या रांगेतच आईंचे गुडघे संपतील.

बाबांना सांगा, सगळं चालायचं तर दोन दिवस लागतात आणि त्रास चढताना नाही, उतरताना होतो. बाओग्वोहून बस लेइदोंगपिंगपर्यंत जाते, दोनेक तास, वळणावळणाचा घाट. तिथून जिएयिन मंदिरापर्यंत दीडेक किलोमीटर पायऱ्या आणि पुढे शिखरापर्यंत रोपवे. या पायऱ्या आईंना जड गेल्या तर बांबूच्या डोलीवाले असतात, भाव आधी ठरवा. थंडीचे जाड कोट तिथेच भाड्याने मिळतात, सांगलीहून स्वेटर लादून आणू नका.

प्रतिसाद २

जेवणाची काळजी सोडा. चिनी बौद्ध मठात कांदा-लसूण मुळातच वर्ज्य! आईंचा चातुर्मास तिथे घरच्यापेक्षा कडक पाळला जाईल. मठाच्या भोजनगृहातच जेवा. बाहेर मात्र "वो छ्र् सू" (मी शाकाहारी आहे) एवढं पाठ करून घ्या, नाहीतर टोफूवर हमखास खिमा भुरभुरलेला येतो.

माकडांपासून जपा. आपल्या माकडांच्या दुप्पट अंगाची, आखूड शेपटीची. एकाने माझ्या सॅकच्या बाजूच्या खिशाची चेन उघडली (फाडली नाही, नीट उघडली), बाकरवडीचं पाकीट काढलं आणि माझ्याकडे बघत बघत खाल्लं. हातात प्लॅस्टिकची पिशवी नको आणि त्यांच्याकडे बघून दात दाखवून हसूही नका.

प्रतिसाद ३

ताओंबद्दल : एमेईवर पूर्वी त्यांचंच राज्य होतं, आता फक्त खुणा उरल्यात. छुनयांग मंदिराचं नाव ताओ सिद्ध ल्यू तोंगबिनच्या उपाधीवरून पडलेलं, आत मात्र बुद्धमूर्ती. जिवंत ताओ देवळं बघायची तर छिंगचंग पर्वतावर जा. चेंगदूहून एका दिवसात आरामात होतं. दुसऱ्या शतकात झांग दाओलिंगने तिथे पंथाची शिकवण दिली म्हणतात. पुजारी डोक्यावर केसांची गाठ बांधून, निळ्या-काळ्या झग्यात दिसतील. पुढच्या डोंगराचंच तिकीट काढा, देवळं तिकडे आहेत. मागचा डोंगर हिरवागार, पण नुसती तंगडतोड.

एमेईवर वान्न्येन मंदिर चुकवू नका. ९८० साली ओतलेली समंतभद्राची ब्राँझची मूर्ती, सहा सुळ्यांच्या हत्तीवर, वजन ६२ टन. ती ज्या विटांच्या घुमटाखाली आहे त्याला एकही तुळई नाही. तिथेही रोपवे आहे. आईंना त्यानेच खाली पाठवा आणि बाबांना छिंगयिन मंडपापर्यंत उतरू द्या, वाटेत झाडी आणि ओढे. वारकऱ्याचं समाधान होईल.

आता मुक्कामाचं. वर राहाच, पण फक्त सूर्योदयासाठी नव्हे. तिथलं 'बुद्धप्रभा' म्हणतात ते आपलं हरिश्चंद्रगडावरचं इंद्रवज्र : सूर्य पाठीशी, समोर ढग, ढगावर आपली सावली आणि तिच्याभोवती सप्तरंगी कडं. कोकणकडा पश्चिमेला, म्हणून तिथे सकाळी दिसतं. सुवर्णशिखराचा कडा पूर्वेकडे, म्हणून दुपारनंतर. सगळे लोक पहाटे उठून थंडीत कुडकुडतात आणि दुपारी दोनला उतरायला लागतात. तुम्ही उलट करा, दुपारी वर पोचा. ढग कड्याखाली असले तर नशीब.

धागाकर्ती

खूप खूप आभार. तिकिटं बदलली, आता १३ तारखेनंतर. मी दोन दिवस रजा टाकलीय, बॉसने तोंड वाकडं केलं, पण दिली. छिंगचंगसाठी रविवार ठेवलाय.

बाबांना इंद्रवज्राचं सांगितलं मात्र, पायी चढायचा हट्ट जागच्या जागी विरघळला. ८३ साली कोकणकड्यावर तीन दिवस बसून त्यांना नुसतं धुकं दिसलं होतं म्हणे, हे मला आजच कळलं! आता म्हणतात, बसने जाऊ, रोपवेने जाऊ, पण तीनच्या आत मला कड्यावर उभं कर.

आईचा एकच प्रश्न उरलाय. रव्याचे लाडू स्टीलच्या डब्यात घट्ट झाकण लावून नेले, तर ती माकडं डबा उघडतील का? बाकरवडीवाल्यांनी कृपया उत्तर द्यावं.