इंटरव्ह्यूनंतरच्या मेलमुळे रेसिडेन्सी मिळते असं पोरांना सांगू नका

वऱ्हाडी_डॉक
परवा एकाने लिहिलं की प्रत्येक इंटरव्ह्यूनंतर 24 तासांत थँक्यू मेल आणि फेब्रुवारीत लेटर ऑफ इंटेंट (तुम्हालाच पहिल्या नंबरवर ठेवतोय असं पत्र) पाठवलं म्हणून मी अमेरिकेत मॅच झालो, म्हणजे रेसिडेन्सीची (एमबीबीएसनंतर हॉस्पिटलात स्पेशालिटी शिकायची) जागा मिळाली, जे पाठवत नाहीत ते आळशी. दोन दिवस डोक्यातून जाईना म्हणून लिहितोय. मी ओहायोत इंटर्नल मेडिसिनला अटेंडिंग (सीनियर डॉक्टर) आहे, चार सीझन रँकिंगच्या मीटिंगला बसलोय. मॅचमध्ये पोरं आणि प्रोग्राम दोघंही पसंतीची यादी देतात, कॉम्प्युटर जोड्या लावतो. आमच्याकडे इंटरव्ह्यू घेणारा त्याच संध्याकाळी मार्क भरतो, दोन ओळींचा शेरा लिहितो, विषय संपला. फेब्रुवारीत यादी लावताना समोर ते मार्क असतात, अमेरिकेच्या लायसन्स परीक्षेचा, म्हणजे स्टेप 2 चा स्कोअर (स्टेप 1 जानेवारी 2022 पासून नुसती पास-नापास झालीय), शिफारसपत्रं, आणि रेसिडेंट पोरांचं मत, म्हणजे रात्री तीनला हा सोबत ड्युटीला असला तर निभेल का. थँक्यू मेल कोऑर्डिनेटर फाइलला लावते, मीटिंगमध्ये तो कुणी उघडलेला मी बघितला नाही. इकडे पोरं रात्र रात्र जागून एकेका मेलचे सहा ड्राफ्ट करतात, कन्सल्टंटला पैसे देऊन लिहून घेतात. वाईट वाटतं हो.

सातारकर_87
तुमच्या प्रोग्रामचं तुम्ही सांगितलंत, सगळ्या अमेरिकेचं कसं सांगता? माझा अनुभव ऐका. छोटा कम्युनिटी प्रोग्राम, सहा जागा. मी लिहिलं की तुम्हाला पहिल्या नंबरवर ठेवतोय, का ते पण लिहिलं, बायको त्याच गावात नर्स आहे. चार दिवसांनी प्रोग्राम डायरेक्टरचा स्वतःचा फोन. मॅच झालो तिथेच. आता म्हणा मेलचा काही संबंध नाही.

वऱ्हाडी_डॉक
दादा, बायको तिथे नर्स आहे हे तुम्ही इंटरव्ह्यूत बोलला नव्हतात का?

सातारकर_87
बोललो होतो. पण दहा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर कुणाच्या लक्षात राहतं? 2020 पासून बहुतेक इंटरव्ह्यू ऑनलाइन झालेत, पूर्वी आदल्या रात्री जेवायला नेत, माणूस कळायचा. आता मेलच उरलाय बोलायला.

डोंबिवली_लोकल
सातारकरांचं थोडं पटतं. पण लेटर ऑफ इंटेंटची किंमत पोरांनीच घालवली, तेच पत्र तीन प्रोग्रामला पाठवतात, नाव बदलून. मी सायकियाट्रीला चीफ रेसिडेंट होते तेव्हा एक मेल आला त्यात दुसऱ्याच हॉस्पिटलचं नाव तसंच राहिलेलं. पोरगी चांगली होती, सगळ्यांना आवडली होती, तरी त्यानंतर जो तो तेच बोलत होता आणि ती खाली गेली. फायदा होताना मी पाहिला नाही, नुकसान डोळ्यांदेखत पाहिलंय.

मुकादम
मला एक कळत नाही. सरकारी कॉलेजात लोकांच्या पैशावर एमबीबीएस करायचं आणि मग चर्चा कसली तर अमेरिकेतल्या डायरेक्टरला मेल कसा लिहायचा! आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात दोन वर्षं भूलतज्ज्ञ नाही, सिझेरियनची बाई सत्तर किलोमीटर पाठवतात.

वऱ्हाडी_डॉक
मुकादम साहेब, विषय वेगळा आहे.

कृष्णाकाठ
नाही, बोलूच द्या. मी सरकारी कॉलेजचा ग्रामीण सेवेचा बाँड केलाय पूर्ण, गडचिरोलीतल्या पीएचसीत एक वर्ष. पाच महिने पगार नाही, क्वार्टरला दार नाही, मलेरियाच्या सीझनला रोज दीडशे पेशंट. मग नीट पीजीला बसले, दोन लाखांवर पोरं बसतात. 2024 ला आदल्या रात्री परीक्षा पुढे ढकलली, सेंटरच्या गावी लॉजवर होते मी, आईबरोबर. ऑगस्टमध्ये दोन शिफ्टमध्ये घेतली. त्या लॉजवरच्या रात्रीच ठरवलं अमेरिकेला जायचं. मला लोकांच्या पैशाचं सांगू नका.

मुकादम
ताई, तुमच्या कष्टाबद्दल बोललोच नाही. पण जे-1 व्हिसावर (शिकायला जाणाऱ्यांचा व्हिसा) गेलेला रेसिडेन्सी संपल्यावर दोन वर्षं परत यायला बांधील असतो, ते टाळायला कॉनराड वेव्हर (त्या अटीतून सूट) घेतो, राज्यामागे वर्षाला 30, आणि त्यासाठी तीन वर्षं कुठे काम करतो? डॉक्टर नसलेल्या भागातच! अमेरिकेचं खेडं चालतं, आपलं चालत नाही?

कृष्णाकाठ
तिथे पगार वेळेवर होतो आणि क्वार्टरला दार असतं.

मुकादम
हे मात्र खरं बोललात. पण दार लावून घ्यायला भांडणारं कुणी इथे उरलं पाहिजे ना.

डोंबिवली_लोकल
आणि एच-1बी (नोकरीचा व्हिसा) तरी कुठे सोपा राहिलाय, सप्टेंबर 2025 मध्ये नव्या अर्जाला एक लाख डॉलर लावले, छोटं हॉस्पिटल कुठून भरणार. म्हणजे जे-1 च, म्हणजे वेव्हरच. मुकादमांचा राग समजतो मला, पण तो 26 वर्षांच्या पोरीवर काढू नका.

पेठेतली_इंटर्न
मूळ विषयावर येऊ का प्लीज? मला चारच इंटरव्ह्यू आलेत. एका प्रोग्रामचा काल मेल आलाय की आम्हाला तू खूप आवडलीस, आमच्याकडे आलीस तर आनंद होईल. माझ्या मनात तो तिसरा होता. आता पहिला टाकू का? आई म्हणते मिळतंय ते घे.

वऱ्हाडी_डॉक
नको गं. ह्यासाठीच तर लिहायला घेतलं होतं. मला अगदी असाच मेल आला होता. बायको शिकागोत नोकरीला, माझ्या मनात तिथला प्रोग्राम पहिला, पण मेलवाल्या प्रोग्रामने गोड लिहिलं म्हणून त्याला वर घेतलं आणि तिथेच मॅच झालो. तीन वर्षं दोघं दोन शहरांत, मुलगी झाली तेव्हा मी आयसीयूत ड्युटीला. 1998 पासून मॅचचं गणित अर्जदाराच्या यादीवरून चालतं, तुझा पहिला नाही जमला तर दुसऱ्याकडे जातं, तेव्हा तिथे तुझी संधी कमी होत नाही. तिसऱ्याला तिसराच ठेवलास तरी तो तुला घेणार असेल तर घेणारच.

सातारकर_87
शिकागोने घेतलंच असतं कशावरून?

वऱ्हाडी_डॉक
नसतंही घेतलं. मग आपोआप इथेच आलो असतो, म्हणजे वर टाकून कमावलं काय? आणि ठीक आहे, सहा जागांच्या प्रोग्राममध्ये, माणूस गावात टिकेल का ही शंका असेल तिथे, तुमच्यासारखं खरं कारण लिहिलेलं पत्र कुणी वाचत असेल. एवढं मान्य. पण तुम्हाला फोन आला त्यात तुम्ही आम्हाला कितव्या नंबरवर ठेवताय असं विचारलं असतं तर तो नियमभंग होता, एनआरएमपी (मॅच चालवणारी संस्था) ते विचारूच देत नाही. आपण होऊन सांगितलं तर चालतं.

सातारकर_87
विचारलं नव्हतं. बायकोची शिफ्ट कुठली ते विचारलं.

पेठेतली_इंटर्न
यादी परत उघडली, त्यांना तीनवर ठेवलं. उत्तरात दोन ओळींचं थँक्यू लिहिलंय, नंबराचं काही नाही. आईला अजून सांगितलेलं नाही.

मुकादम
बेटा, कुठेही लाग, चांगलं काम कर. तो भूलतज्ज्ञाचा प्रश्न मी सोडणार नाही मात्र.