मदत हवी आहे: चैत्री पौर्णिमेचा चंद्र आणि चित्रा एकाच फोटोत

ज्या चित्रा नक्षत्रावरून चैत्राला नाव मिळालं, तो तारा आणि पौर्णिमेचा चंद्र एकाच फोटोत हवेत. एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरचा) कॅमेरा, २०० मिमी लेन्स, ट्रायपॉड, रिमोट. ट्रॅकर (ताऱ्यांच्या गतीबरोबर कॅमेरा फिरवणारं यंत्र) नाही, घेणारही नाही. फोकस मॅन्युअल, फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली).

आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ/८ (लेन्सचं छिद्र), १/१२५ सेकंदाला चंद्रावरचे डाग स्वच्छ, पण चित्रा गायब. अर्ध्या सेकंदाला तारा येतो, तर चंद्राचा पांढरा गोळा होऊन भोवती झळाळी पसरते. त्याहून लांब एक्स्पोजरला तारा लांबट होतो. लेन्सवरचा फिल्टर काढून पाहिला, फरक नगण्य. चंद्र इमारतीच्या कडेआड लपवला की तारा छान येतो, पण मग जोडी कुठली!

चंद्र ताऱ्यांमधून तासाला साधारण अर्धा अंश सरकतो, म्हणून चंद्रासाठी एक आणि ताऱ्यासाठी एक असे दोन्ही फोटो लागोपाठच काढतो. ते एकत्र जोडताना झळाळीची कडा उघडी पडते. ती टाळायला मधली एक्स्पोजर किती स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) अंतराने घ्यावीत?