मदत हवी आहे: काळी गाडी, बोअरचं पाणी आणि घरी करायचं कोटिंग. वॅक्स, सिलंट का सिरॅमिक?

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या पाडव्याला गाडी घेतली, काळी. मॉडेल सांगत नाही, सांगितलं की धागा मायलेज आणि रीसेलवर जातोय. पांढरी घे म्हणून सगळ्यांनी सांगितलं होतं, पण बायकोला आणि खरं सांगायचं तर मलापण काळीच आवडली, आता तक्रार कुणाकडं करावी.

राहायला लातूर, गाव निलंगा तालुक्यात, दर शनिवारी जाणं-येणं. गाडी दारात उघड्यावर, वर पत्रा नाही, बाजूला लिंबाचं झाड आहे ते सावली कमी आणि घाण जास्त करतंय. धुवायला बोअरचं पाणी. ते पेनासारखं टीडीएस मीटर मिळतंय ना, पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं, ते बुडवून बघितलं तर ९४० दाखवलं.

मागच्या रविवारी सकाळी नऊला गाडी धुतली, शाम्पू लावून व्यवस्थित, आणि आत चहा प्यायला गेलो. वीस मिनिटांनी येऊन बघतो तर बॉनेटभर चुन्याच्या बांगड्या. टिकलीएवढे गोल, कडेला पांढरी रेघ आणि मधी काळं. नखानं खरडलं तर पांढरी भुकटी निघती पण रेघ तशीच राहती. ओल्या फडक्यानं पुसलं की गायब होतात आणि वाळलं की परत हजर.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. आमचे अण्णा (वडील) पहाटे पाचला उठून आंघोळीच्या आधी गाडी पुसतात. रोज. कोरड्या फडक्यानं, आणि फडकं म्हणजे त्यांच्याच जुन्या धोतराचा तुकडा. "लक्ष्मी हाय, धूळ बसू देऊ नये" म्हणतात. मी काय बोलणार. पण परवा रात्री मोबाईलचा टॉर्च मारून बघितला तर टॉर्चच्या भोवती बारीक ओरखड्यांचं गोल गोल कोळ्याचं जाळं, चारच महिन्यांत.

गाडी घेताना शोरूमवाल्यानं टेफ्लॉन कोटिंग म्हणून पैसे घेतलेत, त्याचा आज मागमूस नाही. आता एक डिटेलिंगवाला सिरॅमिकचे (रंगावर लावल्यावर वाळून कडक होणारं कोटिंग) २८ हजार म्हणायलाय, पाच वर्षांची गॅरंटी, पण खाली बारीक अक्षरात दर सहा महिन्याला मेंटेनन्स सर्व्हिस आहे आणि तिचे पैसे वेगळे. पीपीएफचा (रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म) आकडा ऐकून मी विषयच बदलला. म्हणून घरीच करावं म्हणतोय. वॅक्सचा डबा, स्प्रे सिलंट (मेणाऐवजी फवारून पुसायचं कृत्रिम कोटिंग) आणि ५० मिलीची सिरॅमिकची बाटली, तिन्ही ऑनलाईन दिसायलेत आणि तिघांच्याही जाहिरातीत गाडी आरशावानी चमकायलीय. आपल्याकडच्या उन्हात आणि पाण्यात नेमकं काय टिकतंय ते ज्यांनी स्वतः हातानं केलंय त्यांनी सांगा. यूट्यूबच्या लिंका नकोत, सगळ्या बघून झाल्यात.

परभणीकर

अभिनंदन गाडीचं. घरी सिरॅमिक म्हणजे बनी तो बनी नहीं तो परभणी, आणि मी परभणीचाच, त्यामुळं माझं काय झालं ते सांगतो.

मागच्या एप्रिलमध्ये केलं. हीच चूक. बाटलीवर लिहिलेलं असतंय की सावलीत, गार पत्र्यावर, साधारण २५ अंशाच्या आत लावा. मी सकाळी सातला पोर्चमध्ये सुरू केलं, साडेआठपर्यंत पत्रा हाताला गरम लागायला लागला. दोन बाय दोन फुटाच्या तुकड्यावर आडवं-उभं लावायचं, थोडं थांबायचं, पाण्यावर तेल सांडल्यावर कसे सप्तरंग दिसतात तसे दिसले की मायक्रोफायबरनं पुसायचं. गार हवेत मिनिट-दोन मिनिटं मिळतात. मला वीस सेकंद पण मिळाली नाहीत, पुसायच्या आधीच घट्ट. डाव्या मागच्या दारावर ढगावानी डाग राहिलेत, ते आजपण आहेत. याला हाय स्पॉट म्हणतात, एकदा वाळला की धुऊन निघत नाही, पॉलिश मारूनच काढावा लागतोय आणि पॉलिश मारलं की तिथलं कोटिंग पण गेलं.

वर तीच गाडी दुसऱ्या दिवशी अवकाळीत भिजली. १२ ते २४ तास पाणी लागू द्यायचं नसतंय आणि आठवडाभर शाम्पू पण नाही. माझ्याकडं दार बंद होणारं गॅरेज नाही, तुमच्याकडं पण नाही. करायचंच असेल तर डिसेंबर-जानेवारीत करा. जे तुकडे नीट बसलेत तिथं मात्र वर्षभरानं पण पाणी टिकत नाही, हे कबूल करावं लागतंय.

रंगारी_नांदेड

डेंटिंग-पेंटिंगमध्ये वीसेक वर्षं चाललीत म्हणून दोन शब्द.

गाडीचा सगळा रंग मिळून १०० ते १५० मायक्रॉन असतो. त्यात वरचा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, ४०-५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहून पातळ. तुमचं कोळ्याचं जाळं त्या क्लिअर कोटमध्ये आहे. ते काढायचं म्हणजे पॉलिशनं आजूबाजूचा क्लिअर कोट घासून रेघेच्या तळापर्यंत आणायचा. म्हणून पॉलिश हे औषध रोज घ्यायचं नसतं. दर सहा महिन्याला रबिंग करून घेणारे गिऱ्हाईक माझ्याकडं शेवटी रंग मारायलाच येतात.

टेफ्लॉनचं म्हणाल तर तव्यावर टेफ्लॉन बसवायला साडेतीनशे अंशाच्या वर भट्टीत भाजावं लागतं. गाडीला तेवढी उष्णता दिली तर रंग राहील का? शोरूममध्ये जे लावतात ते बहुतेक चांगलं पॉलिश असतं, दोन-चार महिने चमकतं आणि जातं.

सिरॅमिकवर ९एच लिहितात, लोकांना वाटतं हिऱ्याच्या खालोखाल काहीतरी. ती पेन्सिलची मोजणी आहे हो. एच-बीवाल्या पेन्सिली पत्र्यावर ओढून बघतात, त्यातली सगळ्यात कडक ९एच. आणि थर किती, तर एक-दोन मायक्रॉन. टिपरमधून उडालेल्या खडीला तो काय अडवणार. खडी अडवायला पीपीएफच, ती दीडशे-दोनशे मायक्रॉनची जाड फिल्म असते, बारीक ओरखडा उन्हात आपोआप भरून येतो. पूर्ण गाडीला परवडत नसेल तर नुसता बंपर आणि बॉनेटची पुढची पट्टी करतात लोक.

वॅक्स म्हणजे कार्नौबा, ब्राझीलच्या ताडाच्या पानावरचं मेण. काळ्या गाडीवर त्याच्यासारखी ओली चमक कशालाच नाही, माझं स्वतःचं मत. पण ते ८२ ते ८६ अंशाला वितळतं आणि मऊ त्याच्या आधीच पडतं. मे महिन्यात दुपारी काळ्या बॉनेटवर हात ठेवून बघा, म्हणजे कळेल. आपल्याकडं महिना-दीड महिना धरा.

साधा_माणूस

एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा ५०० रुपयाचं कव्हर घाला की राव.

रंगारी_नांदेड

धुळीच्या गाडीवर कव्हर घातलं आणि वाऱ्यानं ते रात्रभर हललं की कव्हरच पॉलिश पेपर होतं. धुतलेल्या गाडीला घाला, मग चालेल.

धाराशिवची_लेक

दादा, तुमचा प्रश्न कोटिंगचा कमी आणि पाण्याचा-फडक्याचा जास्त वाटतोय मला. कोटिंग केलं की पाण्याचे गोल थेंब होतात, व्हिडिओत ते लई भारी दिसतं. पण तुमच्या बोअरच्या पाण्याचा तोच थेंब उन्हात जागेवर वाळला की सगळा क्षार एका टिकलीत गोळा होतो. सिरॅमिकवर पण डाग पडतात, आणि बरेच दिवस राहिले तर खाली खातात पण. त्यामुळं कोटिंग कुठलंही करा, धुतल्यावर चहाला जायचं नाही. आधी पुसायचं, मग चहा.

आत्ताचे डाग घालवायला पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच साधं पाणी, कापडाला लावून डागावर मिनिटभर, लगेच धुवायचं. सावलीत, पत्रा गार असताना. नुसतं कॅल्शियम वर बसलेलं असेल तर विरघळतं. तरीपण रेघ राहिली तर समजा क्लिअर कोट खाल्लाय, मग रंगारी दादा म्हणतात ते पॉलिश. व्हिनेगरनं आधीचं वॅक्स पण निघतं, ते धरून चाला.

मी २०१६ पासून बादलीत गाडी धुते. त्या वर्षी एप्रिलमध्ये तुमच्या लातूरला मिरजेहून जलदूत रेल्वे आली होती, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. आमच्याकडं पण टँकरच होता. दारात पाईप लावून गाडी धुवायची लाज वाटायची. तेव्हा रिन्सलेस वॉश शिकले. आठ-दहा लिटर पाणी, त्यात टोपणभर लिक्विड, सात-आठ मायक्रोफायबर बुडवायचे, एक बाजू एकदाच वापरायची, घाण बाजू परत गाडीला लावायची नाही. वरून पाणी मारायची गरज नाही म्हणून डागच नाहीत. बादलीला फिल्टरचं पाणी घ्या, किंवा पावसाळ्यात पागोळीचं भरून ठेवा. चिखल लागलेली असेल तर मात्र आधी पाण्यानं मोकळा करावाच लागतो, आपली काळी माती सुकली की सिमेंट.

त्याच्यावर साधं स्प्रे सिलंट. धुतलेल्या गाडीवर फवारलं, पुसलं, अर्ध्या तासात काम संपलं, हाय स्पॉटचं टेन्शन नाही. मला तीन-चार महिने जातं.

आणि अण्णांना "पुसू नका" म्हणू नका, ऐकायचे नाहीत आणि वाईट वाटेल. त्यांच्या हातात एक स्प्रेची बाटली आणि जाड मायक्रोफायबर द्या. कोरडं पुसलं तरच कच घासते, आधी फवारा मारला की धूळ फडक्यात उचलली जाते.

मांजराकाठ

उशिरा लिहितोय, माफी. तीन आठवडे झाले.

व्हिनेगर केलं. बॉनेटवरचे निम्म्याहून जास्त डाग गेले, टपावरचे जुने राहिले, ते बहुतेक खाल्लेलेच आहेत. ताईंच्या सांगण्यावरून बादलीपद्धत सुरू केलीय, पहिल्यांदा खरं सांगतो विश्वास बसत नव्हता, शेजारचे कुलकर्णी काका गच्चीवरून बघायलेत आणि मी एका बादलीत गाडी धुवायलोय.

डिकीच्या झाकणावर मधोमध मास्किंग टेप लावून डावीकडं वॅक्स आणि उजवीकडं स्प्रे सिलंट मारलं. पहिल्या दिवशी डावीकडची चमक भारी होती, रंगारी दादा बरोबर. पण आता डावीकडं बोट फिरवलं की धूळ चिकटल्यावानी लागतीय, पाणी पण पसरून बसतंय. उजवीकडं अजून गोळी होऊन पळतंय. म्हणून सगळ्या गाडीला सिलंटच मारलं. जाळं आहे तसंच आहे, ते थंडीत एकदाच मशीननं काढून घेईन आणि मग परभणीकरांसारखं सिरॅमिक, पण सावलीत, बघू.

अण्णांना सहा मायक्रोफायबर आणि स्प्रे दिला. दोन दिवस संशयानं बघत होते, तिसऱ्या दिवशी धोतराचा तुकडा आपणहून बाजूला टाकला. आता अडचण अशी आहे की त्यातलं पिवळं फडकं त्यांनी देव पुसायला देव्हाऱ्यात नेलंय, आणि बाकीची आईनं दोरीवर टॉवेलांसोबत वाळत घातली, सगळ्याला टॉवेलाची लव चिकटलीय.

परभणीकर, सिरॅमिकची बाटली ऑफरमध्ये घेऊन बसलोय. डिसेंबरपर्यंत टिकती का? फ्रीजमध्ये ठेवू का?

परभणीकर

सील फोडू नका, एकदा हवा लागली की आतच दगड होतीय. खोक्यावरची तारीख बघा, डिसेंबरच्या पुढची असेल तर कपाटात ठेवा, उन्हापासून लांब. फ्रीजमध्ये नको, घरात लेकरं असतील तर खोकल्याचं औषध समजायचे.