चोरीला गेलेली नॅरोबोट ‘कोयना’: ओळख पटवण्यासाठी आणि माग काढण्यासाठी मदत हवी आहे

कोयनाकाठ (प्रश्न)

नमस्कार. इंग्लंडमध्ये नॉर्दम्प्टनशायरमधल्या वीडन गावाजवळ, ग्रँड युनियन कालव्यावर बांधून ठेवलेली आमची नॅरोबोट (कालव्यांसाठी बांधलेली लांब, अरुंद बोट) चोरीला गेली आहे. शनिवारी दुपारी चारच्या सुमारास मी दोर तपासून घरी गेलो आणि मंगळवारी सकाळी नऊ वाजता परत आलो, तेव्हा काठावरच्या लोखंडी कड्या तेवढ्या जागेवर होत्या. दोर कापलेले नव्हते, नीट सोडून नेलेले होते, त्यामुळे हे काम बोट हाताळण्याची सवय असलेल्या माणसाचे असावे असे मला वाटते.

बोट २००३ साली बांधलेली असून तिची लांबी ६० फूट आणि रुंदी ६ फूट १० इंच आहे. केबिन गडद हिरव्या रंगाची असून तिला तांबडी किनार आहे. डाव्या अंगाला पुढून चार गोल खिडक्या आणि मग दोन आयताकृती खिडक्या आहेत, तर उजव्या अंगाला स्वयंपाकघरापाशी दार असून गोल खिडक्या तीनच आहेत. दोन्ही बाजूंना ‘कोयना’ हे नाव देवनागरीत आहे. माझे वडील साताऱ्याला दुकानांच्या पाट्या रंगवत असत. सात वर्षांपूर्वी ते आमच्याकडे आले तेव्हा त्यांनी ती अक्षरे एनॅमलने, एकावर एक हात देत, स्वतः रंगवली. ते आता हयात नाहीत. बोटीचा विमा आहे, पण त्या अक्षरांची भरपाई कोणताही विमा देणार नाही.

पोलिसांकडे तक्रार नोंदवली असून गुन्ह्याचा क्रमांक मिळाला आहे. तथापि चोराने रंग आणि नाव बदलले, तर ही बोट आपलीच आहे हे मी कशाच्या आधारावर सांगणार, आणि शोध नेमका कोठून सुरू करावा, हे मला समजत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

टोपाथवाला

दादा, फार वाईट वाटले. मी बारा वर्षे बोटीवरच राहतो आणि दर १४ दिवसांनी जागा बदलत फिरतो, त्यामुळे तुम्ही सांगितलेला परिसर माझ्या पायाखालचा आहे. पहिली गोष्ट अशी की या चोरीत घाई चोराच्या उपयोगाची नाही. कालव्यावरची वेगमर्यादा ताशी ४ मैल आहे, आणि प्रवासाचा अंदाज बांधताना आम्ही एक लॉक (बोट वरच्या किंवा खालच्या पातळीवर नेणारी दारांची पाण्याची कोठी) म्हणजे एक मैल धरून तासाला तीन ‘लॉक-मैल’ मोजतो. शनिवार संध्याकाळ ते मंगळवार सकाळ या काळात नोव्हेंबरच्या उजेडाचे तास साधारण सतराच मिळतात. म्हणजे पन्नास लॉक-मैल, आणि अंधारात चालवली असेल तर त्याहून थोडे अधिक. नकाशावर तेवढे अंतर मोजून घ्या, कारण तुमची बोट आज त्याच्या आतच कोठेतरी आहे.

आता दिशांचा विचार करू. बोटीचे तोंड कोणत्या बाजूला होते हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि ते फार महत्त्वाचे आहे. साठ फुटांची बोट कालव्यात वाटेल तेथे वळत नाही. त्यासाठी वाइंडिंग होल, म्हणजे काठ आत कापून रुंद केलेली जागा, किंवा एखादे जंक्शन गाठावे लागते, आणि एकटा माणूस तेथे वळवत असेल तर आजूबाजूच्या बोटींवरचे लोक हमखास बाहेर येऊन पाहतात. वीडनहून उत्तरेला गेल्यास बकबीची सात लॉक चढून नॉर्टन जंक्शन लागते. तेथून लेस्टरकडे वळल्यास वॉटफर्डची सात आणि पुढे फॉक्सटनची दहा लॉक आहेत, पण त्या दोन्ही ठिकाणी लॉककीपर असतात आणि त्यांच्या वेळेबाहेर जाता येत नाही, म्हणून तेथे चौकशी केल्यास लगेच हो किंवा नाही असे उत्तर मिळेल. दक्षिणेला गेटनहून नॉर्दम्प्टनच्या फाट्याला सतरा लॉक उतरून नीन नदी मिळते. परंतु ती नदी पर्यावरण खात्याच्या ताब्यात आहे आणि तिच्या लॉकना वेगळी किल्ली लागते. माझ्या मते चोर ब्राउनस्टनच्या बाजूला गेला असावा, कारण तेथून ऑक्सफर्ड कालव्याने दोन्हीकडे वाट फुटते.

आणखी एक. कागद चिकटवायचे असतील तर पबच्या दारावर नव्हे, तर पाणी भरण्याच्या नळांवर आणि शौचालयाची टाकी रिकामी करण्याच्या जागी चिकटवा. बोटीवर राहणाऱ्याला या दोन ठिकाणी यावेच लागते. हिवाळ्यात कोळसा, डिझेल आणि गॅस विकत फिरणाऱ्या बोटी असतात, त्यांच्या मालकांना तर आवर्जून फोन करा. त्यांना आपल्या पट्ट्यातली प्रत्येक बोट ठाऊक असते आणि नवी बोट आली की ती त्यांच्या नजरेतून सुटत नाही.

पोलादकाम

मी पूर्वी माझगाव डॉकमध्ये प्लेटर, म्हणजे जहाजांचे पोलादी पत्रे जोडणारा, होतो, आता मिडलंड्समध्ये बोटींच्या तळाची दुरुस्ती करतो. ओळखीच्या प्रश्नाचे उत्तर देतो. रंग आठवड्याभरात बदलतो, पण खिडकीचे भोक पोलादात कापलेले असते. ते बुजवायचे म्हटले तर पत्रा वेल्ड करून घासावा लागतो आणि आतले लाकडी अस्तर काढावे लागते. इतके कष्ट चोर सहसा घेत नाही. त्यामुळे शोधपत्रकात रंगापेक्षा खिडक्यांचा क्रम, छतावरच्या हवेच्या झाकणांची जागा आणि धुराड्याचे मागच्या टोकापासूनचे अंतर यांना पहिले स्थान द्या. जुने फोटो शोधा, विशेषतः छताचे. पुलावरून उभे राहून काढलेला एक फोटो दहा बाजूच्या फोटोंपेक्षा अधिक उपयोगी ठरतो.

तुमची बोट २००३ सालची आहे, म्हणजे जून १९९८ नंतर लागू झालेल्या नियमांप्रमाणे तिच्यावर १४ अक्षर-अंकांचा हल (बोटीच्या कवचाचा) क्रमांक असलाच पाहिजे. सुरुवातीला देशाची दोन अक्षरे, मग बांधणाऱ्याचा संकेत, अनुक्रमांक, आणि शेवटी बांधणीचा महिना व वर्ष अशी त्याची रचना असते. तो मागच्या बाजूला उजवीकडे बाहेरून दिसतो. चोर तो ग्राइंडरने घासून टाकील हे गृहीत धरा. मात्र तोच क्रमांक दुसऱ्या एका लपलेल्या जागी पुन्हा कोरलेला असतो आणि ती जागा बहुधा फक्त बांधणाऱ्यालाच माहीत असते. बांधणारा अजून व्यवसायात असेल तर त्याच्याकडून ती जागा लेखी मागवून पोलिसांना द्या, येथे लिहू नका. इंजिनाचा क्रमांक सर्व्हिसच्या पावतीवर सापडेल.

विकत घेताना सर्व्हे केला होता का? त्या अहवालात तळाच्या आणि बाजूंच्या पत्र्याची जाडी अल्ट्रासाउंडने जागोजागी मोजून लिहिलेली असते. दहा मिलिमीटरच्या तळाला कोठे किती गंज लागला आणि कोठे ठिगळ मारले, हे दोन बोटींत कधीही सारखे नसते. माझ्या दृष्टीने तो अहवाल म्हणजे बोटीच्या बोटांचे ठसे आहेत.

न्यायपथ

कायद्याविषयी थोडेसे. येथे मोटारीप्रमाणे बोटींची सक्तीची मालकी नोंदणी नाही. कालव्यांची देखभाल करणाऱ्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टचे लायसन्स हा कालव्यावर बोट ठेवण्याचा परवाना आहे, मालकीचा पुरावा नव्हे. म्हणून तुमचे खरेदीखत, पैसे दिल्याची बँकेतली नोंद, विम्याची कागदपत्रे आणि सुरक्षा तपासणीचे प्रमाणपत्र एकत्र करून ठेवा. असे असले तरी ट्रस्टला तातडीने कळवणे आवश्यक आहे. बोटीचा इंडेक्स क्रमांक, म्हणजे ट्रस्टकडे नोंदलेला क्रमांक, मालक बदलला तरी तोच राहतो, आणि ट्रस्टचे कर्मचारी काठाने चालत जाऊन बोटींचे क्रमांक नियमित टिपत असतात. दुसऱ्याची माहिती ते तुम्हाला देणार नाहीत, ती पोलिसांमार्फतच मागवावी लागेल.

बोट सापडली तर कृपया स्वतः चढू नका. आत राहणाऱ्या माणसाने ती भोळेपणाने, राहण्यासाठी घर म्हणून, आपली सगळी पुंजी घालून विकत घेतलेली असू शकते. १९७९ च्या माल-विक्री कायद्यानुसार चोराकडून घेणाऱ्याला सर्वसाधारणपणे मालकी मिळत नाही, त्यामुळे कायदा तुमच्या बाजूचा आहे; पण दारात भांडण झाले तर तुमच्याच विरुद्ध तक्रार होऊ शकते.

कोयनाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. बोटीचे तोंड दक्षिणेला, लंडनच्या बाजूला होते. सर्व्हेचा अहवाल सापडला. वॉटफर्डच्या लॉककीपरकडे चौकशी केली, तेथून ती गेलेली नाही. बांधणाऱ्याने लपवलेल्या क्रमांकाची जागा पोलिसांना कळवली आहे.

हिंक्लीची सून

नमस्कार. मी बोटीवाली नाही, आम्ही हिंक्लीला राहतो आणि रोज सकाळी ॲशबी कालव्याच्या काठाने चालायला जातो. हा धागा दोन आठवड्यांपूर्वी वाचला होता, म्हणून काल लक्ष गेले. स्नेअरस्टनच्या बाजूला एक निळी बोट बांधलेली आहे, रंग नवीन आहे, नाव नाही. डाव्या अंगाला चार गोल आणि दोन आयताकृती खिडक्या आहेत. तेवढ्यावर मी लिहिले नसते. पण ऊन अगदी तिरपे पडले होते, आणि निळ्या रंगाखाली एक आडवी उठावदार रेघ आणि तिला लटकलेली अक्षरे दिसली. ‘को’चा काना आणि वरची मात्रा मला स्पष्ट वाचता आली. बरोबरच्या इंग्रज शेजारणीला त्यात नुसते ओरखडे दिसत होते. मी थांबले नाही, चालता चालता एक फोटो काढला. तो तुम्हाला निरोपात पाठवते आहे, येथे टाकत नाही.

टोपाथवाला

ताई, हे फार मोलाचे आहे. ॲशबी कालवा मार्स्टन जंक्शनपासून सुमारे २२ मैल आहे, त्यावर चढउताराची लॉक नाहीत, आणि स्नेअरस्टनला तो संपतो. तेथून बाहेर पडायला आली तीच वाट आहे. वीडनहून ब्राउनस्टन, हिलमॉर्टन, हॉक्सबरीमार्गे मार्स्टन जंक्शनपर्यंतचे अंतर मोजले तर पन्नासच्या आसपास लॉक-मैल भरतात. दादा, आजच पोलिसांना कळवा. क्रेनने उचलून ट्रेलरवर घालायची म्हटली तर ही पंधरा टनांहून अधिक वजनाची वस्तू आहे, म्हणून आसपासच्या बोटयार्डांनाही सांगून ठेवा.

कोयनाकाठ

काल पोलिसांबरोबर गेलो होतो. बाहेरचा क्रमांक घासलेला होता आणि लायसन्सच्या पाट्या दुसऱ्याच बोटीच्या होत्या. बांधणाऱ्याने सांगितलेल्या जागी, फळी काढल्यावर, लपवलेला क्रमांक जसाच्या तसा मिळाला. इंजिनाचा क्रमांकही जुळला. आत एक तरुण जोडपे राहत होते, त्यांनी ती महिन्याभरापूर्वी रोख पैसे देऊन घेतली होती. त्यांनी विकणाऱ्याची सर्व माहिती पोलिसांना दिली आहे आणि त्यांना सामान हलवायला मी आठ दिवस दिले आहेत. त्यांचे पैसे परत मिळावेत यासाठी माझ्याकडून लागेल ती साक्ष मी देणार आहे.

हिंक्लीच्या ताई, तुमचे ऋण फेडता येणार नाही. ‘पोलादकाम’ यांना एक विनंती आहे: निळा रंग उतरवताना खालच्या एनॅमलला धक्का लागू नये यासाठी काय वापरावे ते कृपया सांगा, मला ती अक्षरे पुन्हा रंगवायची नाहीत, तीच हवी आहेत. शनिवारी सकाळी आठला स्नेअरस्टनहून परत निघायचे आहे, आणि हिलमॉर्टनची तीन आणि ब्राउनस्टनची सहा लॉक मला एकट्याला जड जातील. कोणी येऊ शकत असेल तर कळवावे, विंडलास (लॉकची झडपे उघडण्याचे हँडल) माझ्याकडे दोन आहेत.