जीन सापडला, पण औषध कुठाय?

रामबागवाला: हंटिंग्टन या मेंदू हळूहळू निकामी करणाऱ्या आनुवंशिक रोगाचा जीन १९९३ मध्ये सापडला. व्हेनेझुएलात माराकाइबो सरोवराकाठच्या कुटुंबांचं रक्त वर्षानुवर्षं गोळा केलं तेव्हा कुठे. तीस वर्षं उलटली, रोग बरा करणारं औषध अजून नाहीच. मग एवढा खटाटोप कशाला? इकडे झाबुआ-अलिराजपूरहून सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे पेशंट इंदूरला येतात, त्यांना गोळ्या नि रक्त वेळेवर मिळू दे आधी.

पोहे_जिलेबी: भिया, अर्धीच गोष्ट सांगताय. काही लोकांत जन्मानंतरही गर्भातलं हिमोग्लोबिन भरपूर का राहतं हे शोधताना ते बंद करणारा बीसीएल११ए जीन हाती लागला, आणि रक्त बनवणाऱ्या पेशींत त्याचाच स्विच कापणारी कॅसजेव्ही थेरपी २०२३ ला ब्रिटन-अमेरिकेत मंजूर झाली. ते हिमोग्लोबिन वाढलं की सिकल सेलचा त्रास कमी होतो, म्हणजे सिकल सेलवरचीच.

रामबागवाला: अमेरिकेत २२ लाख डॉलर. झाबुआचा माणूस देणारे?

सुखलियाची_मावशी: माझी भाची नि जावई दोघंही थॅलेसेमिया मायनर, म्हणजे या रक्ताच्या आजाराचा एकच बिघडलेला जीन असलेले, स्वतः आजारी नाहीत. मायनर ओळखायला एचबीए२ या हिमोग्लोबिनच्या प्रकाराची तपासणी साधीच, त्याला जीन लागत नाही, खरंय. पण दिवस गेल्यावर बाळाचं कसं कळणार? ते तेव्हा मोठ्यांचं हिमोग्लोबिन जेमतेम बनवतं, म्हणून अकराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा बारीक तुकडा काढून डीएनए बघतात, आणि त्यासाठी आईबापाच्या जीनमध्ये बिघाड नेमका कुठे आहे ते आधी शोधून ठेवावं लागतं. बाळाला मेजर, म्हणजे खरा गंभीर आजार, व्हायचा धोका दर खेपेला चारांत एक. रिपोर्ट येईस्तोवर घरात कुणी डोहाळजेवणाचं नाव काढलं नाही. बाळ मायनर निघालं, छान खेळतंय आता.

राजवाडा_कट्टा: मावशी, तुमचं मान्य, पण कळलेलं सगळ्यांना सोसत नाही हो. हंटिंग्टनचा शोध ज्या नॅन्सी वेक्सलरने लावून धरला तिची आईच त्या रोगाने गेली, म्हणजे हिला धोका निम्मा. टेस्ट केली की नाही ते बाईंनी कित्येक वर्षं कुणाला सांगितलं नाही, २०२० मध्ये रोग असल्याचं जाहीर केलं. आणि आपल्याकडे? २०२३ ला शहडोलहून सिकल सेलची मोहीम सुरू झाली, ७ कोटी लोक तपासायचं ठरलं, तपासणीच्या निकालाची कार्डं वाटताहेत. उद्या मुलीचं कार्ड बघून सोयरीक मोडली तर?

पोहे_जिलेबी: कॅरियर, म्हणजे एकच बिघडलेला जीन बाळगणारा, आजारी नव्हे. दोघंही कॅरियर असतील तरच विचार करायचा. लोकांना कळत नाही म्हणून तपासणीच नको, हा कुठला न्याय?

रामबागवाला: तपासा हो, अडवलंय कोणी. हायड्रॉक्सीयुरिया, सिकल सेलची रोजची गोळी, तालुक्याला बारा महिने मिळतं का, तेवढं कुणी तिकडचं असेल तर सांगा.