गीज बेंडच्या गोधड्या: हक्क शिवणारीचा की गावाचा?

काठपदर (मूळ लेख)

अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या गीज बेंड या गावच्या गोधड्यांविषयी लिहिताना ‘गावाची कला’, ‘पिढीजात वारसा’, ‘आयाबायांची परंपरा’ असे शब्द आपण सगळेच सढळपणे वापरतो. माझे म्हणणे असे आहे की या शब्दांनी तिथल्या कृष्णवर्णीय स्त्रियांचा जितका गौरव झाला, त्याहून त्यांचे नुकसान अधिक झाले. गोधडी ज्या बाईने जुळवली तिचे नाव, तिची मांडणी आणि त्यातून येणारा पैसा यांवर पहिला हक्क तिचा आहे. गावाचा वाटा त्यानंतर येतो.

गाव माहीत नसणाऱ्यांसाठी थोडी पार्श्वभूमी देतो. अलाबामा नदीने तीन बाजूंनी वेढलेल्या या जागेत जोसेफ गी याने 1816 मध्ये कापसाचा मळा वसवला. 1845 मध्ये तो मार्क पेटवे याच्या ताब्यात गेला आणि त्याने आपल्या सुमारे 100 गुलामांना नॉर्थ कॅरोलायनाहून पायी चालवत इथे आणले. गुलामगिरी संपल्यावरही ती कुटुंबे त्याच जमिनीवर अर्धेलीने राबत राहिली आणि मळेवाल्याचे आडनाव त्यांना कायमचे चिकटले. 1932 मध्ये, त्यांना उधारीवर माल देणारा व्यापारी वारल्यानंतर, त्याच्या विधवेने वसुलीच्या नावाखाली घराघरांतून जनावरे, अवजारे आणि साठवलेले धान्य उचलून नेले. ज्या घरांच्या फळ्यांतून वारा आत येत असे आणि भिंतींना वर्तमानपत्रे चिकटवावी लागत, त्या घरांत गोधडी ही हिवाळा काढण्याची गरज होती.

आता मुख्य मुद्दा. या गोधडीचे काम दोन टप्प्यांत होते. वरचा थर, म्हणजे तुकडे जोडून केलेला पृष्ठभाग, बाई एकटी जुळवते. कोणता तुकडा कुठे जाईल, लाल पट्टी मध्येच का तुटेल, हे ती एकटी ठरवते. त्यानंतर वरचा थर, मधला कापूस आणि खालचे अस्तर चौकटीवर ताणून टाके घालायला शेजारणी, बहिणी आणि मुली येतात. मेहनत अनेकींची असते, परंतु रचना एकीची असते. मिझुरी पेटवे यांनी 1942 मध्ये नवरा वारल्यावर त्याचे शेतात घालायचे कपडे फाडून गोधडी केली. त्याची आठवण राहावी आणि त्याच्या मायेत पांघरून निजता यावे म्हणून आईने ती केली, असे त्यांच्या मुलीने, आर्लोन्झिया पेटवे यांनी, पुढे सांगितले. अशा गोधड्या जवळून पाहाव्यात: विटलेल्या निळ्या कापडात मध्येच गडद निळा चौकोन दिसतो, कारण तिथला खिसा उसवून काढलेला असतो आणि त्याखालच्या कापडाला ऊन लागलेलेच नसते. मिझुरीबाईंची ती गोधडी ‘गावाची’ आहे असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

हा प्रश्न जुना झालेला नाही. 2024 च्या फेब्रुवारीत, कृष्णवर्णीय इतिहास महिन्याच्या निमित्ताने, टार्गेट या दुकानसाखळीने गीज बेंडच्या रचनांवर आधारित वस्तू विकायला ठेवल्या. त्या स्त्रियांना विक्रीच्या प्रमाणात वाटा न देता ठरावीक रक्कम देण्यात आली. माल यंत्रावर तयार झाला, त्यातला काही चीनमध्ये. ‘परंपरा’ या शब्दाला स्वामित्वधन द्यावे लागत नाही, नाव असलेल्या कलावतीला द्यावे लागते. व्यापाऱ्याला पहिला शब्द सोयीचा वाटतो यात आश्चर्य नाही.

अस्तर

काठपदर, आपला संताप रास्त आहे, पण त्यातून आपण काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. गीज बेंडच्या स्त्रियांना जेव्हा जेव्हा काही मिळाले, ते त्या एकत्र आल्या म्हणून मिळाले.

1966 सालची ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था पाहा. त्याआधीची चार वर्षे तिथे काय चालले होते? 1962 मध्ये गावची नदी ओलांडण्याची फेरीबोट बंद करण्यात आली. पलीकडच्या कॅम्डन गावात मतदार म्हणून नाव नोंदवायला जायचे, तर सुमारे 40 मैलांचा वळसा पडू लागला. ही फेरीबोट पुन्हा सुरू व्हायला 2006 उजाडले. मतनोंदणीच्या खटपटीमुळे अनेक कुटुंबांना मळेवाल्यांनी घराबाहेर काढले. अशा काळात फ्रान्सिस वॉल्टर या पाद्रीबाबांना दोरीवर वाळत घातलेल्या गोधड्या दिसल्या, न्यूयॉर्कमध्ये त्यांचा लिलाव झाला आणि एस्टेल विदरस्पून यांच्यासारख्या बायकांनी संस्था उभी केली. संस्थेने जमीन घेऊन शिवणकेंद्र बांधले आणि त्याच जमिनीतले तुकडे बेघर झालेल्या कुटुंबांना विकले. प्रत्येकीने ‘माझी रचना, माझा हक्क’ म्हटले असते, तर त्या कुटुंबांच्या डोक्यावर छप्पर कोणी घातले असते?

दुसरे असे की रचना एकीची असते हे अर्धसत्य आहे. ‘हाउसटॉप’ हा तिथला लाडका नमुना घ्या: मधोमध एक तुकडा आणि त्याभोवती पट्ट्यांचे चौकोन वाढत जातात. तो शोधला कोणी, हे सांगता येत नाही. एओलार मोझली यांच्यानंतर त्यांची मुलगी मेरी ली बेंडॉल्फ यांनी आणि त्यांच्यानंतर त्यांची मुलगी एसी बेंडॉल्फ पेटवे यांनी सुई हातात घेतली. मुलगी आईचा हात पाहत शिकते, मग त्यात स्वतःचे काही घालते, आणि पुढची मुलगी तेच करते. या प्रवाहाच्या मध्येच कुंपण घालायचे, तर पहिला खांब कुठे रोवायचा?

काठपदर

आईच्या हाताखाली शिकलेल्या मुलीकडे कोणी परवानगीचा कागद मागत नाही आणि मीही मागत नाही. पट्ट्यांच्या चौकोनाचा सर्वसाधारण नमुना कोणाच्याच मालकीचा नाही, हे कायदाही मानतो. पण त्या नमुन्यात मेरी ली बेंडॉल्फ यांनी घातलेला विशिष्ट रंग आणि विशिष्ट वाकडेपणा त्यांचाच आहे. अमेरिकी कायद्यात वस्तू विकत घेतली म्हणून तिच्या रचनेचा हक्क आपोआप मिळत नाही. सहकारी संस्थेविषयी आपण लिहिले ते सर्व मला मान्य आहे. आपल्या कमाईतून गावाला किती द्यायचे हे त्या स्त्रियांनी ठरवले. इथे मात्र बाहेरचे लोक त्यांच्या वतीने ‘हे तर सर्वांचे’ असे म्हणतात.

जुनी पेटी

आपण दोघेही पैशावर अडलात. माझी हरकत त्याहून मुळाशी आहे. गोधडी भिंतीवर गेली तेव्हाच परंपरा संपली, असे मला वाटते. 2002 मध्ये ह्यूस्टनच्या संग्रहालयात आणि नंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात या गोधड्या टांगल्या गेल्या, न्यूयॉर्क टाइम्सच्या समीक्षकाने त्यांना अमेरिकेच्या आधुनिक कलेतल्या अद्भुत कृतींमध्ये गणले, 2006 मध्ये टपाल तिकिटेही निघाली. पण त्या प्रदर्शनात अमूर्त चित्र म्हणून पाहिली गेलेली वस्तू मुळात पोरांच्या अंगावर घालण्यासाठी केलेली होती. ती विकायची म्हणून शिवली की हात सावध होतो. 1970 च्या दशकात सीअर्स या दुकानसाखळीसाठी त्याच स्त्रियांना कॉर्डरॉयची एकसारखी उशांची आवरणे शिवावी लागली होती. टाका न् टाका मोजून दिलेला, मापात इंचाचाही फरक चालत नसे. बाजार परंपरेचे काय करतो, हे त्यातून दिसते.

नदीपल्याड

जुनी पेटी, आपण सीअर्सचे उदाहरण दिलेत, पण त्याची पुढची हकीकत आपल्या मताच्या विरुद्ध जाते. त्या आवरणांच्या कापणीतून उरलेल्या कॉर्डरॉयच्या पट्ट्या बायका घरी नेत. मोहरीसारखा पिवळा, नारिंगी, गडद हिरवा, लाल असे त्या काळचे रंग आणि कॉर्डरॉयच्या जाड रेघा, जिथे कापडाची दिशा बदलली की एकच रंग दोन छटांचा दिसतो. त्या उरलेल्या कापडातून घरच्यासाठी ज्या गोधड्या झाल्या, त्यांपैकी काही आज गीज बेंडच्या सर्वोत्तम कामांत मोजल्या जातात. दिवसा मापात शिवणाऱ्या हातांनीच संध्याकाळी मोकळेपणाने त्या जुळवल्या.

संग्रहालयाने परंपरा संपवली, हेही मला पटत नाही. लुइझियाना बेंडॉल्फ यांनी गोधड्या करणे सोडून दिले होते. 2002 मध्ये ह्यूस्टनला जाऊन आपल्याच घरातल्या वडीलधाऱ्या बायकांच्या गोधड्या भिंतीवर पाहिल्यानंतर त्यांच्या मनात पुन्हा रचना घोळू लागल्या आणि त्या पुन्हा शिवायला बसल्या. कित्येक घरांत अशा गोधड्या फाटेपर्यंत वापरून नंतर डास पळवायला जाळल्या जात. त्या तशाच जळत राहिल्या असत्या, तर लुइझियानाबाईंना पाहायला काय उरले असते?

काठपदर

नदीपल्याड, यात एक भर घालतो, कारण नाव टिकणे किती योगायोगावर अवलंबून असते ते त्यातून कळते. अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्यात 1837 मध्ये गुलाम म्हणून जन्मलेल्या हॅरिएट पॉवर्स यांनी बायबलमधल्या कथा कापडी आकृत्यांतून मांडणारी गोधडी केली. 1886 मध्ये तिथल्याच अथेन्स गावच्या कापूस मेळाव्यात ती जेनी स्मिथ या चित्रकलेच्या शिक्षिकेने पाहिली आणि मागितली. पॉवर्स यांनी नकार दिला. पुढे हलाखीच्या दिवसांत त्यांना ती अवघ्या 5 डॉलरला द्यावी लागली. देताना त्यांनी प्रत्येक चौकटीचा अर्थ समजावून सांगितला, आणि नंतरही त्या आपली गोधडी पाहायला येत राहिल्या. शिक्षिकेने ते सांगणे लिहून ठेवले म्हणून आज स्मिथसोनियन संस्थेत ती गोधडी हॅरिएट पॉवर्स यांच्या नावाने आहे. त्याच काळातल्या असंख्य गोधड्यांखाली फक्त ‘अज्ञात’ लिहिलेले असते.

आणि गीज बेंडमध्ये हा प्रश्न अधिकच तीव्र होतो. तिथे अनेकींचे आडनाव मळेवाल्याचे आहे. मिझुरी, आर्लोन्झिया, लोरेटा: अशा बाईची ओळख तिच्या पहिल्या नावातच आहे. ते नाव पुसून ‘पेटवे स्त्रियांची परंपरा’ म्हणणे म्हणजे मार्क पेटवेचे नाव ठेवून तिचे काढून टाकणे होय.

सुती

थोडे विषयालगतचे लिहितो. आपल्या शेजारी, कर्नाटकातल्या यल्लापूर-हल्याळ भागात, सिद्दी स्त्रिया ‘कवंदी’ नावाची गोधडी करतात. कडेपासून सुरुवात करून तुकडे लावत मध्याकडे जातात. त्यांचे पूर्वजही आफ्रिकेतले, आणि त्यांपैकी अनेकांना पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणले होते. दोन्हींमधले साम्य डोळ्यांत भरते. मात्र केवळ साम्यावरून एकाच आफ्रिकी मुळाचा दावा करू नये, कारण जुन्या कपड्यांपासून पांघरूण करण्याची गरज दोन्हीकडे स्वतंत्रपणे होतीच.

अस्तर

काठपदर, आडनावाचा मुद्दा वजनदार आहे. लेबलावर पहिले नाव हवेच, यावर माझा वाद नाही. पण पैशाच्या वाटणीवर मी ठाम आहे. 2007 मध्ये ॲनी मे यंग यांच्यासह तिघींनी गावच्या गोधड्या विकत घेऊन जमवणाऱ्या संग्राहकांच्या कुटुंबावर रचनांच्या वापरासंबंधी दावे लावले आणि 2008 मध्ये ते मिटले. एकेकट्या बाईला मोठ्या मंडळींविरुद्ध न्यायालयात उभे राहावे लागते तेव्हा काय होते, ते तेव्हा दिसले. 2003 मध्ये त्याच गावच्या स्त्रियांनी स्वतःची संस्था काढली. कंपन्यांनी करार त्या संस्थेशी करावा, रकमेचा वाटा विक्रीच्या प्रमाणात असावा, आणि आतली वाटणी संस्थेच्या सभेत व्हावी. करार एकेकीशी झाला तर पुन्हा ठरावीक रक्कमच पदरात पडेल.

काठपदर

करार संस्थेमार्फत व्हावा, हे मला चालेल. मात्र माझी अट एकच: ज्या बाईची रचना आहे तिच्या लेखी होकाराशिवाय संस्थेलाही ती विकता येऊ नये, आणि तिच्या पश्चात तो होकार तिच्या मुलींचा असावा. ही अट आपल्याला मान्य आहे का, ते कृपया स्पष्ट लिहावे.

अस्तर

पहिला भाग मान्य. मुलींविषयीचा दुसरा भाग मान्य नाही: ज्या मुलीने सुई कधी हातात घेतली नाही तिला नकाराधिकार आणि शेजारच्या घरातल्या जिने आयुष्यभर त्याच चौकटीवर टाके घातले तिला काहीच नाही, हे मला अन्यायाचे वाटते.