पुनर्विकास अडवणारे दोन सभासद: अडेलतट्टू की शहाणे?

मुलुंडकर७८
आमची इमारत १९७८ची. तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही, २८ घरं. जिन्याच्या स्लॅबमधून सळ्या बाहेर आल्यात. २६ जणांनी सह्या केल्या, दोघं अडून बसलेत. एकाला पूर्वेकडचाच फ्लॅट हवाय. दुसरे काका नुसतं "बघू" म्हणतात. बिल्डर लवाद कायद्याच्या कलम ९ खाली, म्हणजे तातडीचा अंतरिम आदेश मागायला, हायकोर्टात जातो म्हणतोय. माझं मत, खुशाल जावं. दोघांच्या हट्टापायी बाकीच्यांनी किती पावसाळे जीव मुठीत धरून काढायचे?

सावध_माणूस
पूर्वेकडचा फ्लॅट हवा हा हट्ट, मान्य. पण ते "बघू"वाले काका काय बघू म्हणतायत ते कुणी विचारलं का? माझ्या मामांच्या सोसायटीत सगळ्यांनी हसत हसत घरं रिकामी केली. अकरा महिने बिल्डरकडून भाडं आलं, मग चेक बाउन्स. जोत्यापर्यंत काम झालं आणि तिथेच गवत उगवलं. मामा बदलापूरला भाड्याच्या खोलीत गेले. नवं घर काही त्यांनी पाहिलं नाही.

विंगबी
वाईट वाटलं. पण तेव्हा रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा, नसेल. १ मे २०१७ पासून चित्र बदललंय. ग्राहकांच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात, उशीर झाला तर व्याज, पाच वर्षं बांधकामातल्या दोषांची जबाबदारी. उगाच भीती घालू नका.

सावध_माणूस
अहो, ते सगळं नवे फ्लॅट विकत घेणाऱ्यांसाठी! तुम्ही विकत घेताय कुठे? जुन्या सभासदांच्या तक्रारी महारेराने (राज्याच्या रेरा प्राधिकरणाने) बहुतेक वेळा "आमच्या अखत्यारीत नाही" म्हणून परत पाठवल्यात. तुमच्या हातात फक्त सोसायटीचा विकास करारनामा. गोरेगावची पत्राचाळ आठवा, पुनर्विकासात अडकलेली. करार २००८चा, ६७२ कुटुंबं, घरं पाडून झाली आणि भाडंही थांबलं.

काळाकोट
पत्राचाळ म्हाडाच्या जमिनीवरची, भाडेकरूंची. सोसायटीच्या पुनर्विकासाशी तिची सरसकट तुलना नको. कायद्याचं म्हणाल तर मुलुंडकरांची बाजू भक्कम आहे. सहकार कायद्याच्या कलम ७९अ खाली सरकारने काढलेल्या ४ जुलै २०१९च्या पुनर्विकास निर्देशांप्रमाणे सभेला दोन तृतीयांश हजेरी आणि ५१ टक्के संमती लागते. तुमच्याकडे त्याहून कितीतरी जास्त आहे. रीतसर ठराव झाला की तो अल्पमतातल्या सभासदावरही बंधनकारक, हे हायकोर्टाने वारंवार सांगितलंय. करारावर त्याची सही नसली तरी कोर्ट रिसीव्हर (कोर्टाचा अधिकारी) येऊन घराचा ताबा घेऊ शकतो.
पण त्याच निर्देशांत बिल्डरने प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटी द्यावी, म्हणजे त्याने काम सोडलं तर बँक पैसे देईल, हेही आहे. ती मिळाली का? निर्देश मार्गदर्शक आहेत, सक्तीचे नाहीत, असंही कोर्टांनी म्हटलंय, त्यामुळे हा मुद्दा पहिला गळतो. पेढे वाटण्याच्या घाईत कमिटी तो सोडून देते आणि कॉर्पसच्या (बिल्डर देतो त्या एकरकमी पैशांच्या) आकड्यावर तीन-तीन सभा घालवते.

विंगबी
बँक गॅरंटीचा हट्ट धरला तर छोटा बिल्डर पळून जाईल. मग बसा सळ्या मोजत.

सावध_माणूस
घरं रिकामी व्हायच्या आधी पळाला तर बरंच की!

मुलुंडकर७८
करारनामा आज पुन्हा काढला. बँक गॅरंटी नाही. तिच्याऐवजी नव्या इमारतीतले दोन विक्रीचे फ्लॅट सोसायटीकडे तारण, असं कलम आहे. सेक्रेटरी म्हणाले होते, "गॅरंटीपेक्षा हे चांगलं, दोन फ्लॅट म्हणजे चार कोटी."

काळाकोट
कुठल्या मजल्यावरचे?

मुलुंडकर७८
चौदाव्या.

काळाकोट
आणि सीसी, म्हणजे पालिकेची बांधकाम परवानगी, कितव्या मजल्यापर्यंत मिळणार आहे?

मुलुंडकर७८
सध्या जोत्यापर्यंत. पुढची, बिल्डरने टीडीआर (जादा बांधकामाचा हक्क) विकत घेतल्यावर.
संध्याकाळी काकांकडे जाऊन येतो.